गयामावशीची कंपनी वायंडिंग

आमच्या घराला पुढचं दार असं नव्हतंच, दुकानाचं शटर होतं. पाहुणे असोत, गॅस सिलिंडरवाला असो, की हळदीकुंकवाला आलेल्या बायका असोत, सगळ्यांना उघड्या पडलेल्या मोटरींमधून आणि तांब्याच्या तारेच्या रिळांमधून वाट काढत आत यावं लागे. पांढरकवड्यात हायवेपासून दोन गल्ल्या आत आमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीमागच्या तीन खोल्यांत आम्ही राहत होतो. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज इतका सवयीचा होता, की कधी तो थांबला तर आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं गं? जाम लागला का?" सकाळी सातला मोटरींतल्या जळक्या तारा कापायला छिन्नीवर हातोडा पडायचा आणि तोच आमचा गजर. संध्याकाळी मागच्या अंगणात वार्निश लावलेल्या मोटरी वाळत असायच्या आणि त्यांच्या शेजारी, जरा अंतर ठेवून, आईच्या कुरडया. त्या दोघींच्या मधली सीमारेषा हा आमच्या घरातला एकमेव गंभीर वाद होता. आई भाजी उतरवली की आधी झाकण ठेवायची आणि मगच बाकीचं काही, तरी पातोड्यांच्या रश्शाला कुठेतरी वार्निशचा वास लागायचाच. मला आजही तो वास कुठे आला तर भूक लागते. हे मी सहसा कोणाला सांगत नाही.

दुकान बाबांचं होतं, पण दुकानातला शब्द हमीदचाचांचा चालायचा. चाचा बाबांपेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे. बाबांनी वायंडिंग शिकली ती त्यांच्याच हाताखाली. पुढे चाचांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा बाबांनी दुकान काढलं आणि आपल्या उस्तादालाच कामावर बोलावलं. त्यामुळे पगार बाबा द्यायचे आणि बोलणी चाचा द्यायचे. तारेची कॉइल मोटरीच्या आतल्या खाचेतून, स्लॉटमधून, निसटू नये म्हणून वरून बांबूच्या पातळ पट्ट्या ठोकतात, त्या चाचा स्वतः चाकूने तासायचे. विकतच्या पट्ट्या चालत असताना एवढा खटाटोप कशासाठी, असं बाबांनी एकदा विचारलं होतं. "विकतचा बांबू मोटरीले वळखत नाही," असं उत्तर मिळालं. बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

चाचांचं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे सिरीजचा दिवा. लाकडी फळीवर एक बल्ब, त्यातून निघालेल्या दोन वायरी, बस्स. एक वायर मोटरीच्या वायंडिंगला लावायची, दुसरी मोटरीच्या लोखंडी बॉडीला. दिवा लागला तर आतली तार कुठेतरी बॉडीला चिकटली, म्हणजे मोटर कामातून गेली. नाही लागला तर ठीक. चाचांचा त्या दिव्यावर इतका भरवसा होता, की ते बल्बसुद्धा स्वतः फुंकर मारून पुसायचे, दुसऱ्याला हात लावू देत नसत.

या सगळ्यात माझं स्थान काय होतं, तर मी आतल्या खोलीच्या दाराशी उभी असायची. मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. आमच्या सगळ्या नातेवाइकांत मी पहिलीच. तिथे मराठीत बोललं की वहीत नाव लिहीत. घरी आले की इंग्रजीचा उपयोग नव्हता आणि माझी मराठी पुस्तकातून आल्यासारखी. एकदा, आठवीत असेन, मी काउंटरवर एका शेतकऱ्याला म्हणाले, "काका, आपण थोडा वेळ प्रतीक्षा करा." तो माणूस इतका हसला, की त्याने बाहेर जाऊन बरोबरच्या तिघांना सांगितलं. त्या दिवसापासून मी काउंटरवर बोलणं बंद केलं. गावात बऱ्याच जणांना वाटायचं की वायंडिंगवाल्या भाऊची पोरगी मुकी आहे. मी तो समज दूर करायला कधी गेले नाही. मुक्या माणसासमोर लोक मोकळेपणाने बोलतात आणि मला ऐकायला आवडायचं.

बारावीनंतर मी यवतमाळला इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला गेले. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा बाबांनी माझ्यासाठी एक मल्टिमीटर आणून ठेवला होता. पिवळा, साध्यातला, डबीवर भलत्याच देशाचा झेंडा. बाबा म्हणाले, "कॉलेजात शिकली ना? आता आमाले शिकव." मी मान हलवली. चाचांनी मीटर उलटा-सुलटा करून पाहिला, काड्यांसारख्या त्याच्या दोन पिना एकमेकींवर आपटल्या आणि खाली ठेवला. "हे तं डॉक्टरचं काम झालं," ते म्हणाले. "काडी तोंडात, ताप किती ते सांगा."

पण काम मला आवडलं. आमच्याकडे यायच्या त्या बहुतेक घरगुती चक्क्यांच्या आणि विहिरीवरच्या सिंगल फेज मोटरी. त्यांच्या आत दोन वायंडिंग असतात, एक रनिंगची, जाड तारेची, आणि एक स्टार्टिंगची, बारीक तारेची. बाहेर वायरी येतात तीन. मीटर ओहमवर, म्हणजे तारेचा रोध मोजायला, ठेवून दोन-दोन वायरी तपासायच्या. एका जोडीत सगळ्यात कमी आकडा येतो, ती रनिंग. दुसरीत त्याहून जास्त, ती स्टार्टिंग. तिसऱ्या जोडीत या दोघांची बेरीज यायला हवी. ती बेरीज जुळली की मला आत काहीतरी जागेवर बसल्यासारखं वाटायचं. आकडा एकदम कमी आला तर कॉइल आतल्या आत शॉर्ट झालेली. काहीच आलं नाही, पडद्यावर डावीकडे नुसता एकटा १ राहिला, तर तार तुटलेली. मी आकडे खडूने मोटरीच्या पाठीवर लिहायची. बोलावं लागत नव्हतं. पंधरा दिवसांत बाबा मोटर आली की आधी खडू कुठे आहे ते बघू लागले. बॉडीला करंट उतरतो का, हे मात्र चाचाच दिव्यावर पाहायचे. ती हद्द मी ओलांडली नव्हती.

गयामावशी आली ती ऐन हंगामात. झरीच्या वाटेवरच्या एका गावात तिची पिठाची चक्की होती, शेजारी शेवयांचं मशीन. उन्हाळ्यात आसपासच्या गावांतल्या बाया डोक्यावर गव्हाचे डबे घेऊन तिच्या ओसरीवर बसत, आणि तिथे जे बोललं जाई ते संध्याकाळपर्यंत वीस गावांत पोचे. आमचं अर्धं गिऱ्हाईक तिच्या तोंडच्या शिफारशीवर आलेलं होतं. त्या दिवशी ती जीपच्या टपावरून मोटर उतरवून घेत होती आणि ड्रायव्हरला दम देत होती, "हळू रे! माह्यापेक्षा वयानं लहान हाये थे, पर माह्याहून नाजूक हाये!"

मोटर टेबलावर ठेवली गेली. मावशी स्टुलावर बसली, पदराने वारा घेतला आणि तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "भाऊ, आधीच सांगतो. कंपनीची वायंडिंग हाये. अठरा वर्सं झाले, कोनाले पाना लावू देल्ला नाही. शेजारच्या चक्कीवालीची तीन डाव जळली. माही नाही."

"मग झालं काय?" बाबांनी विचारलं.

"घूं घूं करते. फिरत नाही. हातानं पट्टा ओढला तं फिरते."

चाचा लगेच म्हणाले, "कंडेन्सर." म्हणजे मोटरीला फिरायला पहिला धक्का देणारी डबी.

"कंडेन्सर नवा हाये. आत्ताच बाजारातून आनून लावला."

"दुसरा लावून पाहू ना, बाई."

"मिस्त्री, नवा हाये म्हणलं ना! मी काय लहान लेकरू हावो? मले घूं घूं चं कारण सांगा."

मी तीन वायरी मोजल्या. कमी, जास्त, बेरीज, काटेकोर जुळली. इतकी सुंदर बेरीज मी त्या सुट्टीत पाहिली नव्हती. मी खडूने आकडे लिहिले. बाबांनी ते वाचले आणि माझ्याकडे पाहिलं. "मग काय हाये, नीतू?" मावशीही माझ्याकडे बघायला लागली. बाहेर जीपचा ड्रायव्हर थांबला होता, तोही आत डोकावला. दुकानातला कूलर घरघरत होता, त्याची ती ओली, चिकट हवा अंगावर येत होती. सगळे उत्तराची वाट पाहत होते.

आणि मग मी ती हद्द ओलांडली. मीटर सगळ्यात मोठ्या रेंजवर नेला, एक पिन वायंडिंगच्या वायरीला धरली, दुसरी बॉडीच्या बोल्टवर दाबली. एकटा १ दिसायला हवा होता. तिथे आकडा आला. हलत होता, थरथरत होता, पण हळूहळू खाली येत होता.

"बॉडीला लीकेज आहे," मी म्हणाले.

दुकानात माझा आवाज इतक्या स्पष्टपणे कदाचित पहिल्यांदाच आला असेल. चाचांनी दिवा आणला आणि लावला. बल्ब काळाठिक्कर.

"दिवा नाही म्हणून राह्यला," चाचा म्हणाले.

"दिव्याला एवढं बारीक लीकेज कळत नाही, चाचा. त्याला पेटायला भरपूर करंट लागतो. मीटरला थोडंही कळतं. आज थोडं आहे, उद्या वाढेल. चक्कीजवळ बायका उभ्या असतात. कोणाला शॉक बसला तर?"

सलग सहा वाक्यं. माझ्या मराठीला कोणी हसलं नाही. मावशीने तर पदर तोंडाशी नेला, "अव माय! शॉक?" आणि बाबा! बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी मोटरीकडे पाहिलंच नाही, ते माझ्याकडेच पाहत होते, जणू मी गॅदरिंगमध्ये पहिला नंबर आणला होता.

चाचा म्हणाले, "ओल असंन थोडी. बल्बाखाली ठिवू दिवसभर, सुकली का पुन्ना पाहू."

"दिवसभर?" मावशी म्हणाली. "माह्या ओसरीत चाळीस डबे हायेत गव्हाचे!"

"पोरगी म्हणते तं हाये काहीतरी," बाबा म्हणाले. "करून टाकू नवीन. चाचा, कापा."

चाचांनी बाबांकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा, आणि छिन्नी उचलली. एरवी ते कापायच्या आधी दहा मिनिटं मोटर न्याहाळायचे. त्या दिवशी पहिलाच घाव असा बसला, की शेल्फावरचे नट डब्यात वाजले. मावशीने डोळे मिटून घेतले. मग आई बाहेर आली आणि तिला हाताला धरून जेवायला घेऊन गेली. लांबून आलेलं गिऱ्हाईक आमच्याकडे उपाशी जात नसे. या नियमाला चाचांचीही हरकत नव्हती, कारण त्यांचंही ताट तिथेच असायचं. पण त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले आणि दुकानातच बांबू तासत बसले.

मला कापलेली वायंडिंग बघायची होती. खरं सांगायचं तर, मला माझं यश बघायचं होतं. कॉलेजात शिकवलं होतं की जिथून करंट बॉडीला उतरतो तिथला कागद करपतो, काळा डाग पडतो. तो डाग मला चाचांना दाखवायचा होता, न बोलता, नुसतं बोट ठेवून. मी टॉर्च घेऊन एक-एक स्लॉट पाहिला. कागद पिवळसर, स्वच्छ. तारेवरचं वार्निश मधासारखं चमकत होतं. अठरा वर्षं जुनी ती कॉइल कालच भरल्यासारखी होती. डाग कुठेच नव्हता. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. चाचा पाठमोरे होते, त्यांचा चाकू सर्र सर्र चालला होता.

मग मी मीटर उचलला. आणि का कोण जाणे, सकाळी धरला होता अगदी तसाच धरला. डाव्या चिमटीत पिनेचं टोक, कारण वायर सटकू नये म्हणून मी ती पिनेवर बोटांनी दाबून धरली होती. उजव्या हाताचं बोट घसरून दुसऱ्या पिनेच्या टोकावर, कारण बोल्टवर जोर द्यायचा होता. पिनांना काहीही जोडलेलं नव्हतं. मोटर हातभर लांब होती. पडद्यावर आकडा आला. थरथरत, हळूहळू खाली येत. तोच.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत क्लिप असायच्या, चावून धरणाऱ्या, हात लावायची गरजच नसे. आणि दुकानात मी आतापर्यंत फक्त कॉइलचे छोटे आकडे मोजले होते, तिथे बोटं लागली तरी काही फरक पडत नाही. मोठ्या रेंजवर मात्र पडतो. एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडणारी मी मीटरला दिसले होते. त्यात कूलरची ओल आणि एवढ्या लोकांसमोर तळहातांना सुटलेला घाम. सकाळी मी जितकी घाबरले होते, तितकं मीटरने इमानदारीने मोजलं होतं. मावशीच्या मोटरीबद्दल त्याने एक शब्दही सांगितला नव्हता.

आतून मावशीचं हसू ऐकू येत होतं, आईला ती शेजारच्या चक्कीवालीची नक्कल करून दाखवत होती. मी बाबांना अंगणात गाठलं. ते भट्टीत लाकडं रचत होते. कापलेल्या कॉइल सहज निघाव्यात म्हणून बॉडी जराशी भाजून घ्यायची पद्धत होती. वार्निश जळून जातं, तार सैल होते. आणि भाजल्यावर प्रत्येक मोटर आतून सारखीच काळी दिसते, जळलेलीही आणि न जळलेलीही. म्हणजे बाबांनी काडी ओढली की माझी चूक जगात कोणालाही सापडणार नव्हती.

मी सांगितलं. बाबांनी माझ्या हातातला मीटर घेतला, स्वतः दोन्ही टोकं धरून पाहिली. त्यांचाही आकडा आला, माझ्यापेक्षा बराच मोठा. त्यांचे हात कोरडे होते. ते लाकडाच्या ओंडक्यावर बसले.

"कोनाले सांगतलं?"

"नाही."

"मग राहू दे," ते हळूच म्हणाले. "नवी वायंडिंग मी चांगलीच करून देतो तिले. तिचं काय बिघडलं? उलट मोटर नवी होईन. तिनं जर चक्कीवर सांगतलं का आमी चांगली मोटर कापतो म्हणून, तं वीस गावं तुटतीन नीतू. अन् तुह्या हातात मंग कोनी मोटर देईन का?"

माझे बाबा खोटं बोलणारे नव्हते. ते मला वाचवत होते, आणि ते मला कळत होतं, म्हणून जास्त अवघड होतं. मी हो म्हटलं असतं तर तो विषय आम्ही दोघांनीही पुन्हा कधी काढला नसता. आजही मला वाटतं, की त्या दुपारी मी गप्प राहिले असते तर माझ्या गप्प राहण्याची जातच बदलली असती. तोपर्यंत मी लाजत होते म्हणून गप्प होते. नंतर मी लपवत होते म्हणून गप्प राहिले असते.

"चाचा बरोबर होते," मी म्हणाले. एवढंच. आणि आत गेले, कारण अजून एक मिनिट तिथे थांबले असते तर गेले नसते.

मावशी भाकरीचा शेवटचा तुकडा रश्शात बुडवत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. मोटर चांगली होती. लीकेज नव्हतं. माझी बोटं लागली होती. आई हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. मावशीचा घास हातातच थांबला.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "माह्या मोटरीले काहीच झालं नव्हतं?"

"नाही."

"अन् तुमी थे कापली."

"हो."

ती उठली. हात धुतले नाहीत, तशीच दुकानात गेली, मी मागे, आई माझ्या मागे, बाबा अंगणातून. मावशीने मोटरीत डोकावून पाहिलं. त्या मधाच्या रंगाच्या तारांवरून तिने डाव्या हाताचं बोट फिरवलं. मग ती चाचांवर कडाडली.

"मिस्त्री! तुमचे केस पांढरे झाले याच कामात! पोट्टीले नाही समजलं, तुमाले समजत होतं ना? तुमचा दिवा नाही म्हणून राह्यला होता ना? मंग कापली कायले?"

मला वाटलं चाचा म्हणतील, मी सांगत होतो, कोणी ऐकलं नाही. त्यांचा तो हक्कच होता. चाचांनी हातातली बांबूची पट्टी खाली ठेवली.

"रागानं कापली, बाई," ते म्हणाले. "पोरीनं माह्या दिव्याले खोटं पाडलं, भाऊनं तिचं ऐकलं. म्हणलं घ्या मंग, भोगा. छिन्नी माह्या हातात होती."

मग चाचा उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि त्यांनी मावशीचा तो नवा कंडेन्सर काढला. त्याला क्षणभर करंट दिला आणि त्याच्या दोन टोकांना पेचकस लावला. चांगला कंडेन्सर असला की तिथे चट् करून ठिणगी उडते. त्यांनी पुन्हा लावला. काही नाही. खडूच्या डबीइतका जिवंत.

"नवा हाये ना?" चाचा अगदी मऊ आवाजात म्हणाले.

मावशीने कंडेन्सर हातात घेतला, हलवून पाहिला, कानाशी नेला. "त्या बाजारवाल्याले मी पाहातोच," ती म्हणाली. आणि मग, मला अजिबात अपेक्षित नसताना, सगळ्यांना वेड्यात काढत हसायला लागली. "बह्याड! सगळेच्या सगळे बह्याड! अन् मी सगळ्यात मोठी!" पण हसू ओसरल्यावर तिने माझ्याकडे बोट केलं. "हे पाय पोरी. कापली तुह्यामुळे. आता भरनार बी तूच. एकेक वेढा. मी इथंच बसतो. माह्या मोटरीले दुसऱ्या कोनाचा हात लागला तं माह्याशी गाठ हाये."

ती खरंच बसली. दोन दिवस. गावात निरोप गेला की चाळीस डबे थांबतील. चाचांनी मला लाकडी साच्यावर, फर्म्यावर, तार गुंडाळायला, कागद दुमडायला, तारा स्लॉटमध्ये बोटांनी दाबत बसवायला शिकवलं. एकदाही मीटरचं नाव काढलं नाही. वेढे मोजायला आमच्याकडे यंत्र होतं, पण मावशीने ते बाजूला सारलं. "यंत्रानं एकदा फसवलं." ती तुरीचे दाणे घेऊन बसली, दर दहा वेढ्यांना एक दाणा परातीत. मध्येच गप्पांच्या नादात ती विसरे आणि मग आम्ही ती कॉइल सोडून पुन्हा सुरू करत असू. त्या दोन दिवसांत तिने आईच्या शेवया कशा जाड होतात ते आईला सांगितलं, बाबांना दुकानात झाडू कसा मारावा ते दाखवलं आणि माझ्या मराठीवर पोट धरून हसली. मी एकदा "कृपया तार सोडा" म्हणाले होते. विचित्र म्हणजे मला राग आला नाही. ज्याच्यासमोर एवढी मोठी चूक कबूल केली, त्याच्यासमोर शब्दांची लाज वाटायला जागाच उरत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वार्निश वाळलं. चाचांनी क्लिप आणून ठेवल्या होत्या, चावून धरणाऱ्या, मीटरच्या पिनांना लावायच्या. कुठून आणल्या, कधी आणल्या, त्यांनी सांगितलं नाही. मी लावल्या आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिले. डावीकडे एकटा १. मग चाचांचा दिवा. काळा. दुसरा, चालणारा कंडेन्सर लावून मोटर चालू केली तेव्हा तिने घूं घूं केलं नाही, एक झटका दिला आणि सुरू झाली, आणि मावशी जीपमध्ये बसेपर्यंत एकच वाक्य बोलत होती, "आता कंपनीची म्हणता येनार नाही."

बाबांची भीती खरी ठरली, एका अर्थाने. मावशीने चक्कीवर सगळं सांगितलं. वीस गावांना कळलं की आमच्या दुकानात पोरीच्या घामामुळे चांगली मोटर कापली गेली. बाबा आठवडाभर रस्त्याकडे बघत बसले. त्या आठवड्यात गिऱ्हाईक खरोखरच कमी आलं. बाबा जेवताना दुसरी भाकरी नको म्हणायचे. मी मीटर खोक्यात घालून शेल्फावर ठेवला होता आणि परत जायची बॅग भरायला घेतली होती.

एका दुपारी मी एकटीच दुकानात होते. चाचा नमाजला गेले होते, बाबा आत आडवे झाले होते. एक उंच, काळासावळा माणूस पंपाची मोटर खांद्यावर घेऊन शटरशी आला. पार झरीकडून आला होता; शर्ट घामाच्या मिठाने पांढरा झाला होता. त्याने आत नजर फिरवली, माझ्यावरून पुढे नेली आणि पुन्हा बाहेर आणली. सवयीप्रमाणे मी आतल्या दाराकडे सरकले, बाबांना उठवायला.

"वो बाई," तो म्हणाला, "थे घाम येनारी पोट्टी कुठी हाये?"

मी थांबले.

"मोटर तिलेच दाखवाची हाये," खांद्यावरचं वजन सावरत तो म्हणाला. "गयाबाई म्हणे, दुसऱ्या कोनाले देऊ नको. चुकली तं थे तोंडावर सांगते."

मी दारातून परत फिरले. टेबलावरची तार बाजूला केली, जागा केली.

"मीच ती," मी म्हणाले. "ठेवा इथे."